दहावा नंबर



जून २०२४. सुट्टीनंतर शाळा भरली आणि पहिल्याच दिवशी चौथीच्या वर्गात वाद. विषय मुंबई इंडियन्स! आयपीएलमध्ये १४ पैकी ४ सामने जिंकून संघ दहावा, म्हणजे अगदी तळाला. आमचा जिल्हा सातारा, पण वर्गात मुंबईवालेच जास्त.

"रोहितला काढून हार्दिकला कॅप्टन केलं, म्हणून हरले."

"बुमराहनं २० विकेट काढल्या. एकटा किती करणार?"

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक जण उठला. "बाई, २०२२ला रोहितच कॅप्टन हुता की! तवाबी ४ जिंकले, १० हरले, तळालाच हुते. आन् २०२३ला क्वालिफायर दोनपर्यंत गेले. पुढच्या वर्षी बघा."

वर्ग गप्प. मीसुद्धा. एप्रिलमध्ये त्याच्याच नोंदीत मी लिहिलं होतं, 'वजाबाकी येत नाही. सुधारणा आवश्यक.' कशी सुधारणा करायची, ते लिहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आयपीएलचा गुणतक्ता फळ्यावर घेतला. मुंबईचे सामने वजा विजय, बरोबर पराभव. मग धावांचे फरक काढले. हातच्याची वजाबाकी जमायला दिवाळी उजाडली, पण जमली.

२०२५ला मुंबई पुन्हा क्वालिफायर दोनपर्यंत गेली. पोरगं बरोबर बोललं होतं.

हरलेल्या संघाला आपण 'पुढच्या वर्षी बघा' म्हणतो. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर काय लिहितो? एकदा उघडून बघा.