सीबीडी आणि टीएचसी : एका झाडाचे दोन रेणू

सीबीडी आणि टीएचसी ही भांगेच्या झाडात तयार होणारी दोन रसायने आहेत. या झाडाच्या पानांना भांग म्हणतात, मादी फुलोऱ्याला गांजा आणि फुलोऱ्यावर सुटणाऱ्या चिकट राळेला चरस. या झाडात अशी शंभराहून अधिक रसायने, म्हणजे कॅनाबिनॉइड, सापडतात. त्यांपैकी सर्वाधिक अभ्यास या दोघांचा झाला असून सर्वाधिक गैरसमजही यांच्याच वाट्याला आले आहेत.

दोन्ही एकाच पूर्वज रेणूपासून बनतात. झाडात कोणते विकर काम करते, त्यावर पुढची वाट ठरते; म्हणून नशेसाठी जोपासलेल्या वाणांत टीएचसी जास्त असते, तर धाग्यासाठी लावलेल्या वाणांत सहसा सीबीडी. हिरव्या झाडात दोन्ही रसायने आम्लरूपात असतात आणि टीएचसीच्या आम्लरूपाला नशा नसते. उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि खरे टीएचसी मोकळे होते. चिलमीतल्या निखाऱ्याने नेमके हेच घडते.

दोघांचे रेणुसूत्र तंतोतंत सारखे आहे : २१ कार्बन, ३० हायड्रोजन आणि २ ऑक्सिजन. फरक मांडणीत आहे. टीएचसीमध्ये एक ऑक्सिजन दोन भागांना सांधून कडे पूर्ण करतो. सीबीडीमध्ये ते कडे उघडेच राहते. सीबीडी १९४० मध्ये अमेरिकेत रॉजर ॲडम्स यांनी वेगळे केले. त्याची नेमकी रचना आणि शुद्ध टीएचसी मात्र १९६३-६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडले. त्यांनी वापरलेला चरस पोलिसांनी जप्त केलेल्या मालातला होता.

रचनेतला हा लहानसा फरक मेंदूत फार मोठा ठरतो. चेतापेशींवर सीबी१ नावाचे ग्राही असतात. ते १९८८ मध्ये सापडले, तेव्हा साहजिकच प्रश्न आला : गांजाच्या रसायनासाठी मानवी मेंदूत जागा कशासाठी? उत्तर १९९२ मध्ये मिळाले. शरीर स्वतःच एक रेणू बनवते, जो या ग्राहीवर बसतो. संशोधकांनी त्याचे नाव संस्कृतातल्या ‘आनंद’ शब्दावरून ‘आनंदामाइड’ ठेवले. हा रेणू गरजेपुरता तयार होतो आणि थोड्याच वेळात मोडला जातो. टीएचसी त्याच जागी बसते, पण इतक्या लवकर हटत नाही.

सीबी१ ग्राही जिथे दाट, तिथे टीएचसीचा परिणाम ठळक. स्मृतीच्या केंद्रात ते भरपूर असतात, म्हणून ताजी आठवण टिकत नाही. अनुमस्तिष्कात असतात, म्हणून तोल आणि अंदाज बिघडतो. श्वसन चालवणाऱ्या मेंदूच्या देठात मात्र ते विरळ असल्यामुळे अफूवर्गीय औषधांप्रमाणे टीएचसीने श्वास बंद पडत नाही. याचा अर्थ ते निर्धोक आहे असा नव्हे. किशोरवयातले नियमित सेवन आणि मनोविकृतीचा धोका यांचा संबंध वारंवार दिसून आला आहे, आणि घरात अशा आजाराचा इतिहास असेल तर हा इशारा अधिकच गंभीरपणे घ्यायला हवा.

सेवनाची रीतही महत्त्वाची. धुरातून टीएचसी काही मिनिटांत मेंदूत पोचते. पोटातून गेले तर तास-दीड तासही लागतो आणि वाटेत यकृत त्याचे आणखी प्रभावी रूप बनवते. होळीच्या थंडाईत ‘काहीच चढली नाही’ म्हणून दुसरा पेला घेणाऱ्याची फसगत होते ती इथेच.

सीबीडी सीबी१ ग्राहीवर नीट बसतच नाही, म्हणून त्याची नशा नाही. ते सेरोटोनिनच्या एका ग्राहीवर आणि मिरचीच्या तिखटाने चेतवल्या जाणाऱ्या ग्राहीवरही काम करते. त्याचा सर्वांत भक्कम पुरावा अपस्मारात आहे. १८३९ मध्ये कोलकात्यात डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी झटके येणाऱ्या तान्ह्या बाळाला गांजाचा अर्क दिल्याची नोंद केली होती. २०१८ मध्ये अमेरिकेत शुद्ध सीबीडीचे ‘एपिडायोलेक्स’ हे औषध ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या बालपणीच्या दोन दुर्धर अपस्मारांसाठी मान्य झाले.

या औषधाची नेहमीची मात्रा दर किलो वजनामागे दिवसाला १० मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला २०० मिलिग्रॅम. बाजारातल्या तेलाच्या काही थेंबांत बहुधा १०-२० मिलिग्रॅम असतात. त्या थेंबांनी कर्करोगापासून मधुमेहापर्यंत सारे बरे होते हा दावा पुराव्याशिवाय केलेला आहे आणि तो आजारी माणसाच्या आशेचा गैरफायदा घेतो. उलट, टीएचसी म्हणजे निव्वळ व्यसन हेही खरे नाही : केमोथेरपीनंतरच्या उलट्यांवर कृत्रिम टीएचसीचे औषध अमेरिकेत १९८५ पासून आहे.

नशा नाही म्हणजे दुष्परिणाम नाही, ही समजूत सर्वांत घातक. सीबीडीने गुंगी येते, जुलाब होतात, यकृताची विकरे वाढतात. औषधे पचवणाऱ्या विकरांना ते अडवते. त्यामुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफॅरिनचा आणि झटक्यांवरच्या क्लोबाझामचा परिणाम वाढू शकतो.

भारतातला १९८५ चा अमली पदार्थ कायदा रेणू पाहत नाही, झाडाचा भाग पाहतो. फुलोरा आणि राळ त्यात येतात. नुसती पाने आणि बिया येत नाहीत. पानांचे नियमन राज्ये करतात आणि महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली भांगेवरही निर्बंध आहेत. पानांपासून केलेली आयुर्वेदिक औषधे ‘विजया’ नावाने मिळतात. त्यांत सीबीडीसोबत टीएचसीही असू शकते. बियांच्या तेलाला २०२१ मध्ये खाद्यपदार्थ म्हणून मान्यता मिळाली, पण बियांत ही दोन्ही रसायने जवळजवळ नसतात, म्हणून ते तेल म्हणजे सीबीडी तेल नव्हे.

वेष्टनावरच्या शब्दांवर विसंबणेही धोक्याचे. अमेरिकेत २०१७ साली ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा जेमतेम ३१ टक्क्यांवरचे प्रमाण बरोबर निघाले. १८ नमुन्यांत टीएचसी सापडले. म्हणून दोन्ही रसायनांचे मिलिग्रॅम वेगवेगळे दाखवणारा प्रयोगशाळेचा अहवाल मागावा, आणि चालू असलेले कोणतेही औषध स्वतःहून न थांबवता ती बाटली आधी आपल्या डॉक्टरांना दाखवावी.