वळ

मराठीत सायकलच्या चाकाचा आउट काढतात. चाक फिरताना डावी-उजवीकडे डुलायला लागलं की साताऱ्यात वडील म्हणायचे, "आउट आलाय, काढून आण." हा आउट कुठून येतो आणि काढल्यावर कुठे जातो, हे कुणी विचारत नसे. पुढे भाषांतरावर पोट भरायला लागल्यावर कळलं की इंग्रजी कारागीर सरळ फिरणाऱ्या चाकाला 'ट्रू' म्हणतात आणि डुलणारं चाक 'आउट ऑफ ट्रू' असतं. आपण त्यातला ट्रू वाटेत सांडला आणि आउट तेवढा ठेवून घेतला. फ्रेंचमध्ये याच कामाला 'देव्हुआले' असं क्रियापद आहे. त्याचा दुसरा अर्थ बुरखा दूर करणं. एम.ए.ला तौलनिक साहित्य शिकताना असल्या जोड्या सापडल्या की आम्ही फार खूश व्हायचो.

चंदीगडमध्ये चाकाचा 'वल' काढतात. निदान मी जिथे सायकल नेते तिथे. ते उस्तादजी एका बाजाराच्या मागच्या बाजूला, पिंपळाखाली बसतात. मूळचे उत्तर प्रदेशातल्या गोंड्याचे. सोळाव्या वर्षी लुधियान्याला गेले, सायकलींच्या राजधानीत, आणि तिथे एका सरदारजींच्या दुकानात काम शिकले. शब्द त्या सरदारजींचा. ते स्वतः 'वळ' म्हणत असणार, कारण पंजाबीत ळ आहे. गुरुमुखीत लिहिताना बहुतेक जण नुसता ल लिहितात, पण बोलताना जीभ मागे वळतेच. गोंड्याच्या माणसाच्या तोंडी त्याचा ल झाला. मला मात्र ऐकताना वळच ऐकू येतो, वळणातला आणि वळशातला. हिंदीत तोच शब्द 'बल' होतो: आपला सुंभ जळतो आणि पीळ उरतो, त्यांची रस्सी जळते आणि बल उरतो. सध्या मी एका पंजाबी कथासंग्रहाचं भाषांतर करते आहे. त्यात एक सासू सुनेचा वळ काढायच्या गोष्टी करते. तिथे मी 'वठणीवर आणणं' लिहिलं आहे आणि ते मला अजून पटलेलं नाही. वठणीवर माणूस येतो, चाक येत नाही.

तसं पाहिलं तर चंदीगड हे डोंगरी सायकल बाळगण्याचं शहर नव्हे. ल कोर्बुझिएने रस्त्यांचे सात प्रकार आखले. आठवा, व्ही-8, सायकलींसाठी त्यात मिळवला गेला. सपाट, सरळ, दुतर्फा झाडं. त्यावरून कुठलीही काळी रोडस्टर मजेत जाते. पण सुखना तलावाच्या काठावरून उत्तरेला पाहिलं की शिवालिक दिसतो आणि मग सपाटीवर राहवत नाही.

शिवालिकला सह्याद्रीच्या मापाने मोजू नये. आपल्याकडे पायाखाली काळा पाषाण असतो. हा डोंगर म्हणजे हिमालयातून वाहून आलेली वाळू, गोटे आणि माती. पुरता दगड न झालेला डोंगर. पावसाळ्यात तो थोडा थोडा खाली येतो. ज्या ओढ्यांतून येतो त्यांना इथे 'चो' म्हणतात: वर्षाचे बरेच महिने कोरडे आणि पावसात पिसाळलेले. 1958 साली सुखना चो अडवून तलाव केला, तो गाळाने भरू लागला. हा गाळ येतो कुठून, याचा माग काढत 1970च्या दशकात पी. आर. मिश्रा पिंजोरच्या बाजूला सुखोमाजरी गावापर्यंत पोचले. तिथे मातीचे छोटे बांध घातले, पाण्यात गावकऱ्यांना वाटा दिला आणि गावानेच डोंगरावरची चराई आवरली. ही कथा पाणलोटाच्या कामात पडलेल्या सगळ्यांना पाठ असते. मला ती आठवते ती साखळी पुसताना. तलाव भरणारी तीच वाळू माझ्या साखळीत शिरते.

साखळी 'ताणली जाते' असं सगळेच म्हणतात, पण पोलाद काही रबरासारखं लांबत नाही. आतल्या पिना वाळूने झिजतात, प्रत्येक सांध्यात किंचित जागा होते आणि शंभराहून जास्त सांध्यांची मिळून साखळी लांब होते. ते मोजायला शाळेतली स्टीलची पट्टी पुरते. नव्या साखळीच्या एका पिनेपासून चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर येते, कारण दोन पिनांमधलं अंतर जगभर अर्धा इंच ठरलेलं आहे. ती पिन एक षोडशांश इंच पुढे गेली की साखळी बदलायची. एक अष्टमांश पुढे जाईपर्यंत थांबलात तर मागच्या दातेरी चकत्यांचेही दात गेलेले असतात आणि मग खर्च कितीतरी वाढतो. चोमधून फिरून आलं की मी आधी फडक्याने साखळी कोरडी पुसते, प्रत्येक रोलरवर तेलाचा एकच थेंब सोडते, पायडल उलटं फिरवते आणि वरचं तेल पुन्हा पुसून टाकते. वर दिसणारं तेल वाळूला आमंत्रण देतं. आमच्याकडे पाहुण्यांना वाटतं, बाई तेल लावते आणि लगेच पुसते, हिला काहीतरी झालं आहे.

सुटे भाग निवडताना माझा एकच निकष असतो: हे बिघडलं तर पिंपळाखाली दुरुस्त होईल का? म्हणून माझे डिस्क ब्रेक तेलावरचे नाहीत, तारेवरचे आहेत. तेलाचे ब्रेक बोटाच्या एका पेराने गाडी थांबवतात, हे मला मान्य आहे. पण तार तुटली तर ती मोरनीच्या रस्त्यावरच्या दुकानात मिळते आणि बसवायला मला वीस मिनिटं लागतात. हवेवर चालणारा पुढचा चिमटा मी घेतला नाही. त्याची आतली सिलं वेळच्या वेळी बदलावी लागतात आणि त्यासाठी तो कुरिअरने दुसऱ्या शहरात पाठवावा लागतो. माझा चिमटा साधा, कडक आहे. मनगटं दुखतात. एका बाबतीत मात्र मी नव्या मताची आहे: टायरमध्ये ट्यूब नाही. इथल्या रानात कीकर आणि खैर आहेत, आणि त्यांच्या काट्यांपुढे ट्यूबचं काही चालत नाही. टायरमध्ये रबराचा चीक ओतलेला असतो, तो भोक आपोआप बुजवतो. मे महिन्याच्या उन्हात तो चीक लवकर आटतो, म्हणून उन्हाळ्यात वरचेवर भरावा लागतो, एवढंच.

हबही मी जुन्या पद्धतीचा, सुट्या छर्ऱ्यांचा ठेवला आहे. नवे हब बंद बेअरिंगचे येतात: खराब झालं की ठोकून काढायचं, फेकायचं, दुसरं बसवायचं. माझा उघडता येतो, छर्रे धुता येतात, ग्रीस भरता येतं. या खेळाचा उगमच ग्रीसमध्ये आहे. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही पोरांनी जुन्या दणकट सायकली डोंगराच्या कच्च्या वाटेवरून खाली सोडायची शर्यत सुरू केली. त्या सायकलींचे ब्रेक मागच्या हबच्या आत असत. उतार संपेपर्यंत ग्रीस जळून त्याचा धूर व्हायचा आणि पुन्हा ग्रीस भरल्याशिवाय दुसरी फेरी मारता येत नसे. म्हणून त्या वाटेचं आणि शर्यतीचं नाव पडलं 'रीपॅक'. मराठीत 'पुन्हा भरा' म्हणावं लागेल. एका मोठ्या धंद्याच्या जन्मकथेत बक्षिसाऐवजी घाणेरडे हात आहेत, हे मला आवडतं.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात, एका चोच्या पात्रात, वाळूखाली लपलेल्या गोट्यावर पुढचं चाक आदळलं. मला काही झालं नाही. रिमला मात्र असा मार बसला होता की तो वळ काढण्यापलीकडे गेला होता. शहरातल्या एका काचेच्या दुकानात अदबशीर मुलाने सांगितलं की अख्खं चाकच मागवावं लागेल, चार आठवडे लागतील, आणि जी किंमत सांगितली ती मला एका पुस्तकाच्या भाषांतराचे मिळतात जवळजवळ तेवढी होती. जुन्या हबवर नवा रिम बांधून मिळेल का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "मॅम, ऐसा अब कोई नहीं करता."

उस्तादजींनी चाक हातात घेतलं, हबचं टोक दोन बोटांत धरून फिरवलं आणि तारा मोजल्या. "बत्तीस," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. काळ्या रोडस्टरला पुढे 32 आणि मागे 40 तारा असतात. पुढची बत्तिशी त्यांनी आयुष्यभर बांधली होती. "सिर्फ चकरी का फरक है, मैडमजी." चकरी म्हणजे डिस्क. ती डावीकडे असते, तिच्यासाठी हबची डावी कड आत सरकवलेली असते, म्हणून डावीकडच्या तारा उजवीपेक्षा जास्त ताणाव्या लागतात. हे त्यांना मी सांगितलं नाही. त्यांनी हबवरून बोट फिरवून स्वतःच सांगितलं.

अडचण निराळी होती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन टळत होतं, कारण नंतर काही आठवडे धूळ चालणार नव्हती आणि पिंपळाखाली धुळीखेरीज काही नाही. मुलगा स्कूटरवरून लोकांच्या घरी जेवण पोचवतो. त्याला या कामात रस नाही आणि उस्तादजींनी तो कधी लावायचा प्रयत्नही केला नाही. "इसमें क्या रखा है?" असं ते मला दोनदा म्हणाले, तार ओवता ओवता.

तारा ओवायला त्यांना डोळे लागले नाहीत. एक आतून, एक बाहेरून, प्रत्येक तार दुसऱ्या तिघींना ओलांडून जाणारी. पण शेवटचा अर्धा मिलिमीटर पाहावा लागतो. तेव्हा सायकल उलटी केली, चाक चिमट्यात बसवलं, आणि मी चिमट्याला प्लास्टिकची पट्टी बांधून तिचं टोक रिमजवळ आणलं. "आप देखिए, मैं सुनता हूँ." मी फट पाहायची आणि "इथे घासतंय" म्हणायचं, ते तिथली तार नखाने वाजवायचे, शेजारची वाजवायचे, आणि चावी पाव फेरा फिरवायचे. एका बाजूच्या तारांचा सूर एक आला पाहिजे. मग चाक काढून उलटं बसवून पाहिलं, रिम बरोबर मध्ये आहे ना. मग त्यांनी तारा जोड्याजोड्यांनी मुठीत आवळल्या. पिळलेल्या तारा कडकड वाजत सुटल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून. दुपारचे साडेतीन तास.

जॉब्स्ट ब्रँट यांच्या 1981च्या 'द बायसिकल व्हील' या पुस्तकात वाचलं होतं की आपला भार घेताना वरच्या तारांचा ताण फारसा वाढत नाही. जमिनीकडच्या तारांचा मात्र कमी होतो. प्रत्येक तारेत आधीच इतका ताण भरलेला असतो की खाली आल्यावर त्यातला थोडा गेला तरी ती ढिली पडत नाही. म्हणजे चाक टिकतं ते आधी भरून ठेवलेल्या ताणावर. हे उस्तादजींना हिंदीत सांगून पाहिलं. ते म्हणाले, "वो तो है." त्यांना ते नवीन नव्हतं.

त्या शनिवारी मी परवाणूहून जंगेशूच्या रस्त्याने कसौलीला चढले. कसौली सुमारे 1,900 मीटरवर आहे, चंदीगड सव्वातीनशेच्या आसपास. चढताना चाकाचा विचार करायची गरज नसते. वर चहा घेतला आणि मग खाली पाहिलं. पुढचं चाक उतारावर दगा देतं तेव्हा माणूस तोंडावर पडतो. घरी एक किशोरवयीन मुलगी आहे, आणि नवऱ्याने निघताना विचारलं होतं, ज्यांना दिसत नाही त्यांनी बांधलेल्या चाकावर जायचं का? मी म्हणाले होते, बघत मी होते. पहिल्या तीन वळणांवर दोन्ही ब्रेक धरून उतरले. चौथ्यावर खड्डा आला, चाक त्यातून गेलं, पट्टीला घासल्याचा आवाज आला नाही. पाचव्यापासून मी चीडची झाडं पाहू लागले.

या हिवाळ्यात उस्तादजींचं ऑपरेशन झालं आणि ते विश्रांतीला गोंड्याला गेले. पिंपळाखाली सध्या एक जण मोबाइलची कव्हरं विकतो. गेल्या आठवड्यात पुढच्या चाकातून बारीक टिकटिक यायला लागली. मी चाचपून पाहिलं, सगळ्या तारा मला सारख्याच लागल्या. तेव्हा फोन केला. डोळे बरे आहेत म्हणाले, पाऊस आणि गव्हाबद्दल बोलले, मग म्हणाले, वाजवा. मी फोन चाकाला टेकवला आणि वॉल्व्हपासून सुरुवात करून आधी डावीकडच्या सोळा तारा एकेक करून वाजवल्या, मग उजवीकडच्या. पलीकडे कोंबड्यांचा आणि कुठल्यातरी पंपाचा आवाज.

"दाहिनी तरफ की सातवीं," ते म्हणाले. "फिर से."