अ‍ॅनापोलिसचा शनिवार

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे धबधबे, पुतळे आणि गगनचुंबी इमारती यांची वर्णनें वाचकांना अपेक्षित असतात. मी मात्र अमेरिकेंतील एका लहानशा गांवीं जाऊन जें पाहून आलों, तो एक चेंडूचा खेळ होता; आणि तोहि हौसेनें नव्हे, तर घरांतील एका तंट्यापायीं पाहिला, हें आरंभींच सांगून टाकतों.

माझ्या पुतण्याचें बिऱ्हाड मेरिलंड राज्यांत आहे. २०२४ च्या भाद्रपदांत आम्ही उभयतां त्याच्याकडे होतों. त्याचा मुलगा, म्हणजे आमचा नातू, पंधरा वर्षांचा. अंगानें किरकोळ, पायानें चपळ, आणि शाळेच्या फुटबॉलच्या चमूंत दुय्यम क्वार्टरबॅक. आपण ज्याला फुटबॉल म्हणतों तो हा खेळ नव्हे. यांत लांबट चेंडू काखेंत मारून धांवायचें असतें. दोहों बाजूंस अकरा अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकलें तर आणखी चार प्रयत्न मिळतात. आणि असें करीत करीत चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला म्हणजे सहा गुण होतात. क्वार्टरबॅक हा या सेनेचा म्होरक्या. जवळ जवळ प्रत्येक खेळीला चेंडू प्रथम त्याच्या हातीं येतो.

त्या शाळेचा चमू चेंडू पुढें फेंकून खेळणारा. त्यांत शिक्षकांनीं त्या वर्षीं 'ऑप्शन'चे दोन डाव घातले होते, आणि पाय चपळ म्हणून ते आमच्या नातवाच्या वाट्यास आले होते. आदल्या आठवड्यांत शुक्रवारीं रात्रीं त्यानें ऐन वेळीं चेंडू बाजूच्या गड्याकडे उडवला. तो गडी तेथें नव्हताच. चेंडू प्रतिपक्षानें उचलला आणि सामना गेला. शिवाय गुडघ्याला मार बसला तो निराळाच. तेव्हांपासून घरांत दोन पक्ष पडले होते. सूनबाईंचें म्हणणें, हा खेळ आतां पुरे. पुतण्याचें म्हणणें, एका चुकीसाठीं सोडूं नये. आणि मुलगा कोणाशींच बोलेना. "काका, तुम्हीच त्याला सांगा," असें दोघांनींहि मला निरनिराळें गांठून विनवलें, आणि सांगायचें काय तें दोघांचें अगदीं उलट! जन्मभर गणित शिकवलेल्या माणसानें न पाहिलेल्या गोष्टीवर निकाल देऊं नये. मीं म्हटलें, हा डाव जेथें नीट खेळतात तें ठिकाण आधीं मला दाखवा. तेव्हां मुलगा प्रथमच बोलला, "अ‍ॅनापोलिसला, आजोबा."

अनंतचतुर्दशी होऊन चार दिवस झाले होते. २१ सप्टेंबरच्या सकाळीं आम्ही तिघे मोटारीनें निघालों. अ‍ॅनापोलिस ही मेरिलंडची राजधानी खरी, पण गांव आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवाएवढें. सेव्हर्न नदी चेसापीकच्या उपसागराला मिळते तेथें तें वसलें आहे. विटांचे रस्ते उतरत उतरत बंदरापाशीं जातात, तेथें शिडाच्या होड्या डुलत असतात, आणि खाणावळींतून तिखट मसाला लावलेल्या खेकड्यांचा वास येत असतो. त्यानें आम्हां पुणेकरांची भूक मात्र कमीच झाली. उंचवट्यावर लाकडी घुमटाचें राज्यसभागृह आहे. स्वातंत्र्ययुद्ध जिंकल्यावर २३ डिसेंबर १७८३ रोजीं जॉर्ज वॉशिंग्टननें सेनापतिपदाचा राजीनामा दिला तो येथें. विजयी सेनापति आपण होऊन तरवार खालीं ठेवतो, ही गोष्ट इतिहासांत किती वेळां घडली असेल, याचा विचार करीत मी तेथें थोडा अधिकच रेंगाळलों.

पण गांवाचा खरा प्राण म्हणजे १८४५ सालीं स्थापन झालेलें आरमारी विद्यालय. पासपोर्ट दाखवून आंत जावें लागतें. तेथील प्रार्थनामंदिराच्या तळघरांत जॉन पॉल जोन्स या आरमारी वीराची समाधि आहे. तो १७९२ सालीं पॅरिसमध्यें वारला. त्याच्या अस्थि १९०५ सालीं शोधून इकडे आणल्या. जवळच एक दगडी स्तंभ उभा आहे. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी वर्षाअखेर, वंगण फांसलेल्या त्या स्तंभावर एकमेकांच्या खांद्यांवरून चढून, माथ्यावरची टोपी बदलतात. आमच्या नातवानें दहीहंडी चित्रफितींतच पाहिलेली. "तसंच, पण दह्याशिवाय," अशी व्याख्या त्यानें केली. मला स्वतःला सर्वांत रमवलें तें एका मोकळ्या जागेनें. अल्बर्ट मायकेलसन या विद्यालयाचाच विद्यार्थी, पुढें येथेंच शिक्षक. त्यानें १८७९ सालीं फिरत्या आरशाच्या साहाय्यानें येथें प्रकाशाचा वेग मोजला. सेकंदाला २,९९,९१० किलोमीटर हें त्याचें उत्तर आजच्या उत्तराच्या फार जवळ आहे. त्या प्रयोगाची रेषा जमिनींत खुणा बसवून दाखवली आहे. मी त्या रेषेवरून हळूहळू चालत गेलों. बापलेक पुढें निघून गेले.

क्रीडांगण गांवाच्या दुसऱ्या अंगास आहे. १९५९ सालीं तें उघडलें. त्याच्या भिंतींवर मिडवे, ग्वाडलकनाल, इवो जिमा अशीं लढायांचीं नांवें मोठ्या अक्षरांत लिहिलीं आहेत. सामन्यापूर्वीं चार हजारांहून अधिक विद्यार्थी पांढऱ्या गणवेषांत रांगा करून मैदानावर संचलन करीत आले. त्यांतली कित्येक मुलें आमच्या नातवाहून चारपांच वर्षांनींच मोठीं असतील. आणि या भिंतींवरच्या नांवांत आणखी एखादें भर पडलें तर तें यांच्यापैकीं कोणाच्या तरी हातून पडणार, हें मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

ऑप्शनचा डाव येथें कां रुजला, याचें कारण याच मुलांत आहे. येथून बाहेर पडणाऱ्याला निदान पांच वर्षें लष्करी सेवा करावी लागते. इतर विद्यापीठांत दीडदीडशें किलो वजनाचे पहाडासारखे गडी फळींत उभे असतात. येथें अधिकारी व्हायचें तर वजन आटोक्यांत ठेवणें भाग. २०२१ पासून इतरत्र खेळाडूंना आपल्या नांवाच्या जाहिरातींतून पैसे मिळूं लागले, तोहि मार्ग यांना बंद. अर्थात् बळानें ज्याला ढकलतां येत नाहीं त्याला हिशेबानें चुकवायचें.

हा हिशेब नातवानें मला प्रेक्षागारांत बसून तिकिटाच्या पाठीवर मांडून दाखवला, आणि मला तो फारच आवडला. अकरांविरुद्ध अकरा. क्वार्टरबॅकनें चेंडू दुसऱ्याच्या हातीं दिला कीं त्याचें काम संपलें, तो नुसता प्रेक्षक. चेंडू घेऊन धांवणारा कोणाला अडवूं शकत नाहीं. उरले नऊ. प्रतिपक्षाचे मात्र अकराहि गडी मोकळे. म्हणजे दोन माणसें नेहमींच कमी पडतात. ऑप्शनची युक्ति अशी कीं, त्या दोघांना मुद्दाम कोणी अडवायचेंच नाहीं. क्वार्टरबॅक चेंडू मधल्या धांवपटूच्या, म्हणजे फुलबॅकच्या, पोटाशीं धरतो आणि पहिल्या मोकळ्या गड्याकडे पाहतो. तो गडी फुलबॅकवर झेपावला तर चेंडू काढून घ्यायचा आणि स्वतः बाजूनें पळायचें. न झेपावला तर चेंडू तेथेंच सोडायचा. पुढें दुसरा मोकळा गडी भेटतो. तो क्वार्टरबॅकच्या अंगावर आला तर चेंडू बगलेच्या सोबत्याकडे उडवायचा. सोबत्याकडे गेला तर स्वतः घुसायचें. न अडवलेला माणूस काय करील त्याच्या उलट करायचें, म्हणजे तो आपोआप चुकीचा ठरतो. नवांविरुद्ध नऊ, बाकी शून्य!

ही विद्या जुनी आहे. १९४१ सालीं मिसूरी विद्यापीठांत डॉन फॉरट यानें तिचा एक प्रकार काढला. १९६० नंतर ह्यूस्टनला बिल योमन यानें आणि १९६८ सालीं टेक्सासला एमरी बेलार्ड यानें तिला तीन पर्यायांचें रूप दिलें, आणि टेक्सासनें त्यावर लागोपाठ तीस सामने जिंकले. अ‍ॅनापोलिसला ती २००२ सालीं पॉल जॉन्सन यानें नव्यानें आणली. त्या वर्षीं बारापैकीं दोनच सामने जिंकणाऱ्या या विद्यालयानें २००४ सालीं दहा जिंकले. पुढें केनन रेनॉल्ड्स नांवाच्या क्वार्टरबॅकनें आपल्या विद्यार्थिदशेंत ८८ वेळां स्वतः धांवून चेंडू रेषेपार नेला.

मग जगच बदललें. मोठाल्या विद्यापीठांनीं चेंडू फेंकण्याची कला इतकी वाढवली कीं, दोन फटक्यांत ते मागें पडलेला सामना फिरवूं लागले. धांवून हळूहळू सरकणाऱ्याला एकदां मागें पडल्यावर वर येणें कठीण. त्यांतच २०२२ सालीं नियम झाला कीं, मधल्या ठराविक पट्ट्याबाहेर कोणी कोणाला कमरेखालीं अडवूं नये. गुडघे जपण्यासाठीं केलेला हा नियम योग्यच होय. सूनबाईंना मीं तो मुद्दाम सांगितला. पण लहान गडी मोठ्याला पाडीत होता तो याच मार्गानें, आणि बगलेची वाट मोकळी होत होती ती त्यामुळेंच. त्या वर्षाअखेर जुने शिक्षक गेले. २०२३ सालीं पांच विजय आणि सात पराभव. सर्वांनीं टाकून दिलेली रीत येथेंहि टाकावी कीं काय, असा तो प्रसंग होता.

२०२४ सालीं ड्रू क्रोनिक हे नवे शिक्षक मर्सर विद्यापीठांतून आले. त्यांनीं ती टाकली नाहीं, आणि जशीच्या तशी ठेवलीहि नाहीं. शेजारच्या डेलावेअर राज्यांत १९५१ पासून वाढलेली 'विंग-टी' नांवाची एक धांवण्याची पद्धति आहे. तिचें वैशिष्ट्य असें कीं, डावांची मालिकाच एका सुरुवातीची असते. तोच बगलेचा गडी तसाच आडवा धांवत येतो. मग चेंडू कधीं त्याला, कधीं फुलबॅकला, कधीं कोणालाच नाहीं, तर मागें सरून दूर फेंकलेला. एकावर उतारा शोधावा तर तो दुसऱ्याला पोषक ठरतो. या मालिकेंत त्यांनीं मोकळ्या गड्याकडे पाहण्याची जुनी संवय मिसळली. क्वार्टरबॅक कधीं अगदीं फळीला लागून उभा, कधीं चार पावलें मागें. ही मागें उभें राहून पाहण्याची तऱ्हा १९९० नंतर वेस्ट व्हर्जिनियांतील ग्लेनव्हिल येथें रिच रॉड्रिग्ज यानें रूढ केली, आणि आज अनेक नव्या चालींच्या बुडाशीं तीच आहे. तिसरा पर्याय म्हणजे बगलेस उडवलेला चेंडू, हा पूर्वींचा नियम. आतां त्याच्या जागीं पुष्कळदां पुढें फेंकलेला चेंडू येतो. हिशेब तोच, शेवटची ओळ तेवढी निराळी.

त्या दिवशीं समोर मेम्फिसचा चमू होता. आदल्याच आठवड्यांत फ्लोरिडा स्टेटला त्यांच्या घरीं हरवून तो आला होता. सामना असा झाला कीं, मला टिपण ठेवतां येईना. ब्लेक होरव्हथ हा क्वार्टरबॅक दोनशेंहून अधिक यार्ड धांवला, चारदां स्वतः रेषा ओलांडली आणि दोनदां फेंकून गुण मिळवले. प्रत्येक वेळीं गुण झाले कीं पहिल्या वर्षाचे विद्यार्थी एकूण गुणांइतके जोर काढतात. आरमाराचे ५६ आणि मेम्फिसचे ४४ झाले तेव्हां त्या पोरांच्या दंडांची मला खरोखर कींव आली.

पण नातू चेंडूकडे पाहतच नव्हता. "आजोबा, चेंडू नका बघूं. तो टोकाचा माणूस बघा," असें तो मला पुनःपुन्हां सांगे. मी पाहूं लागलों. टोकाच्या गड्यानें एक पाऊल आंत टाकलें आणि चेंडू बाहेरून गेला. पुढल्या खेळीस तो बाहेर थांबला आणि चेंडू आंतून गेला. तिसऱ्यांदा तो जागच्या जागीं नुसता घुटमळला, आणि चेंडू डोक्यावरून! तिसऱ्या प्रहरीं केव्हां तरी मुलगा एकदम म्हणाला, "मी बघितलंच नव्हतं. मी आधींच ठरवलं होतं."

"शाळेंत याचा सराव किती करतां?" मीं विचारलें.

"गुरुवारी दहा मिनिटं."

विद्यापीठांच्या खेळाडूंना हंगामांत आठवड्याला वीस तासांहून अधिक सराव करण्याची मनाई आहे. आणि त्या वीस तासांतला मोठा वांटा येथें या एका क्षणावर, चेंडू पोटाशीं धरून पाहण्यावर, खर्च होतो असें म्हणतात. मला वाटतें, चूक येथेंच आहे. उसने आणलेले दोन डाव फेंकण्याच्या खेळावर शोभेसाठीं टांचले, पण डाव ज्या संवयीवर चालतो ती संवय आणलीच नाहीं. शाळेची फार निंदा करावी असें नाहीं. पुष्कळ मोठाल्या ठिकाणींहि हेंच होतें. आणि मिश्रण नीट केलें म्हणजे यश हमखास, असेंहि कोणी समजूं नये. याच मैदानावर नोव्हेंबरांत टुलेनविरुद्ध आरमाराचा एकहि गुण झाला नाहीं. ३५ विरुद्ध शून्य. त्यानंतर डिसेंबरांत त्यांनीं लष्करी विद्यालयास ३१–१३ असें हरवलें, आणि वर्षाचा शेवट ओक्लाहोमाला एका गुणानें हरवून केला, हें मीं पुण्यास परतल्यावर वाचलें.

रात्रीं जेवतांना मीं माझा निकाल सांगितला: हा डाव खेळायचा तर रोज अर्धा तास सराव, तें होणार नसेल तर शिक्षकांना सांगून तो डाव सोडावा, खेळ नव्हे. पुतण्या खूष झाला नाहीं, सूनबाईहि झाल्या नाहींत. "रोज कोण याच्याबरोबर खेळणार?" एवढेंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मागल्या अंगणांत मी फुलबॅक झालों. हात पोटाशीं उघडे ठेवून हळूहळू चालायचें, एवढीच माझी कामगिरी. पण टोकाचा माणूस कोण होणार? पुतण्या अजून झोंपला होता. मुलगा एका झाडाला टोकाचा माणूस मानून पाहूं लागला. झाड कांहीं आंत येईना कीं बाहेर जाईना. इतक्यांत स्वयंपाकघराचें दार वाजलें. सूनबाई पिठाचे हात पुशीत पायरीवर उभ्या होत्या.

"मी कुठं उभी राहूं?" त्यांनीं विचारलें.

त्यानें जागा दाखवली. मी चालूं लागलों, चेंडू पोटाला लागला, त्याच क्षणीं सूनबाईंनीं माझ्याकडे दोन पावलें टाकलीं. आणि मीं हात मिटले तेव्हां त्यांत कांहींच नव्हतें.