घरातली चार मते

आमच्या घरात माणसे चार आणि मतेही चार. आई, मी, आमची ही आणि कन्या. भाजीत गूळ घालावा की नाही, पंखा किती वेगाने फिरावा, वर्तमानपत्राची पुरवणी आधी कुणाच्या हाती पडावी, यांपैकी एकाही प्रश्नावर आमचे एकमत झाल्याचे मला स्मरत नाही. क्वचित झालेच, तर ते माझ्याविरुद्ध होते.

२०२४ च्या ऑक्टोबरात हा मतभेद फार वाढला. निमित्त ‘बिग बॉस मराठी’चे. कन्या सूरज चव्हाणच्या बाजूची. बारामतीकडच्या खेड्यातला, मोबाइलवरच्या रीलमधून नावारूपाला आलेला तो मुलगा तिला आपला वाटे. आई अभिजीत सावंतच्या बाजूची, आणि तिची निष्ठा जुनी. २००५ साली तो ‘इंडियन आयडॉल’ झाला, तेव्हा तिने त्याच्यासाठी माझ्या मोबाइलवरून इतके संदेश पाठवायला लावले होते, की नव्याने नोकरीला लागलेल्या या मास्तराला महिनाअखेर जड गेली. ६ ऑक्टोबरच्या रात्री सूरज जिंकला, अभिजीत दुसरा आला. दुसऱ्या दिवशी आजी-नातीत बोलणे नव्हते. कोण कुणाच्या बाजूचे आहे, हे आमच्या घरातच काय, अख्ख्या आळीला ठाऊक होते.

मग दिवाळी झाली आणि खरी निवडणूक आली. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान. कन्येला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती. (आईच्या वेळी एकविसाव्या वर्षापर्यंत थांबावे लागे; ही अट १९८९ मध्ये अठरावर आली.) तिचे पहिले मत! बापाने मार्गदर्शन करायचे नाही तर कुणी? मी रोज रात्री जेवताना वर्ग घेऊ लागलो. विषयही तसा सोपा नव्हता. २०२२ मध्ये शिवसेना दुभंगलेली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. धनुष्यबाण इकडे तर मशाल तिकडे, घड्याळ एका घरी तर तुतारी दुसऱ्या घरी. मी लोणच्याची बरणी, मिठाचे भांडे आणि दोन चमचे मांडून साऱ्यांची युती-आघाडी समजावून सांगत असे. मास्तराला श्रोते मिळाले की त्याला वेळेचे भान राहत नाही. मग मी माझा पक्ष कोणता आणि तोच का बरा, हेही सांगून टाकी. आवाज चढवून सांगे, असे आमच्या हिचे म्हणणे.

कन्या मुकाट्याने जेवे. तिच्या मौनाचा अर्थ मी संमती असा घेतला. चाळीस मुलांच्या वर्गात अशी चूक मी कधी केली नसती.

मतदानाच्या दिवशी माझी कामगिरी दूरच्या एका गावी होती. माझ्याकडे बोटाला शाई लावण्याचे काम. ही शाई म्हैसूरच्या कारखान्यातून येते, तिच्यात चांदीचा क्षार असतो, आणि १९६२ च्या निवडणुकीपासून देशभर तीच चालत आली आहे. डाव्या तर्जनीवर नखापासून कातडीवर रेघ ओढायची. कातडीवरची लवकर जाते. नखावरची मात्र नख वाढेल तशी सावकाश पुढे सरकते. संध्याकाळपर्यंत माझीही बोटे काळी झाली.

दुपारी एक जोडपे आले. बाईच्या बोटाला शाई लावली, ती मतदानाच्या आडोशाकडे निघाली, तसा नवराही मागोमाग निघाला. मी त्याला अडवले.

“तिला कळत नाही हो गुरुजी. नुसतं बटण दाखवतो नि येतो.”

“मतदान गुप्त असतं,” मी म्हणालो. “नवऱ्यापासूनसुद्धा.”

बाई आत एकटी गेली. यंत्राचा लांब आवाज झाला. बाहेर आली ती नवऱ्याकडे न पाहता सरळ दारातून निघून गेली. मला उगीचच फार बरे वाटले. यंत्रे जमा करून रात्री एक वाजता घरी परतेपर्यंत ते वाक्य मी मनातल्या मनात दोनतीनदा म्हटलेही असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी कन्येने शाईचे बोट दाखवले. मी कौतुकाने पाहिले आणि सहज, अगदी सहज विचारले, “मग? कुणाला दिलंस?”

“बाबा, मतदान गुप्त असतं.”

“अगं, मी काय परका आहे?”

“रात्री आल्या आल्या तुम्हीच तर आईला सांगत होतात. नवऱ्यापासूनसुद्धा म्हणून.”

आमची ही चहाच्या भांड्यात तोंड लपवून हसली. मला हसू येईना. लहानपणी पाटीवर काढलेले वेडेवाकडे फूलही धावत येऊन दाखवणारी मुलगी ही. तिच्या मनात एक खोली तयार झाली होती आणि तिची कडी आतून लागलेली होती. मी पुन्हा विचारले. मग थोडे रागाने विचारले. ती कप उचलून उठून गेली.

तेव्हा कोपऱ्यात वाती वळत बसलेली आई बोलली.

“सत्त्याहत्तर साली माझं पहिलंच मत होतं. मामंजींनी सांगून ठेवलेलं, घरातली सगळी मतं गाय-वासरावर पडली पाहिजेत. आणि रात्री तुझे वडील माझ्या कानात सांगायचे, नांगरवाला शेतकरी विसरू नकोस. मी दोघांनाही हो म्हटलं.”

मार्च १९७७. आणीबाणीनंतरची ती निवडणूक. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. आजोबा नि वडील त्या काळी महिनामहिना एकमेकांशी बोलत नसत, हे मी ऐकून होतो. पण आपल्या सुनेचे मत आपल्यालाच पडले या खात्रीने एक गेला, आणि बायकोचे मत आपल्यालाच पडले या खात्रीने दुसरा, हे मला त्या सकाळी कळले.

“मग शिक्का मारलास कुणावर?” मी पुढे सरकून विचारले.

आईने वात तळहातावर नीट वळून घेतली.

“आधी तू सांग. तुझं मत कुठं पडलं?”

आता वाचकांपाशी लपवण्यात अर्थ नाही. निवडणुकीच्या कामावरच्या माणसांचे मत आधीच टपाली मतपत्रिकेवर होते. माझेही चार-पाच दिवस आधी झाले होते. घरी ज्या पक्षाची बाजू घेऊन मी मिठाचे भांडे आपटत होतो, त्याच्या नावापुढे खूण करताना माझा हात थबकला होता, आणि मग तो भलतीकडेच गेला. का, ते मला आजही धड सांगता येणार नाही. घरी येऊन त्या रात्री मी त्याच पक्षाची बाजू आणखी जोराने मांडली होती.

कन्या दारात येऊन उभी होती. आमची हीही भांडे खाली ठेवून माझ्याकडे पाहत होती. माझ्या नखावर रेघ नव्हती. होते ते नुसते दुसऱ्यांच्या शाईचे डाग.

मी दिवाळीतल्या उरलेल्या चिवड्याचा डबा पुढे ओढला आणि यंदा शेंगदाणे जरा जास्तच तळले गेले होते, असे म्हणालो.