पुन्हा पुन्हा लागणारा दिवा



मागच्या रविवारी मिस्सा संपल्यावर दोघातिघांनी विचारलं, "काय, गाडी झाली का नीट?" झाली. पण कशी झाली ते सांगायचं तर थोडं घरातलंही सांगावं लागेल.

गाडी आमची जुनीच, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालणारी. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी उधन्याहून घरी येताना समोरच्या काट्यांपाशी इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी तर चालत होती, फक्त सिग्नलला उभी राहिली की जरा थरथरायची. जवळच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मुलाने स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खाचेत स्कॅनर लावला, काहीतरी दाबलं आणि दिवा गेला. तीनशे रुपये दिले, हायसं वाटलं. चौथ्या दिवशी दिवा परत हजर! असं तीनदा झालं.

पुढे कळलं की मुलाने दोष काढलाच नव्हता, फक्त दोषाची नोंद पुसली होती. भारतात २०१३च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ ही स्वतःची तपासणी करणारी व्यवस्था सक्तीची झाली. गाडीतला संगणक काही बिघडलं की एक कोड लिहून ठेवतो. पण बहुतेक दोषांच्या बाबतीत तो पहिल्याच वेळी दिवा लावत नाही, लागोपाठ दुसऱ्या फेरीतही तोच दोष दिसला की मग लावतो. म्हणून नोंद पुसली की दोनचार दिवस शांतता असते. त्या शांततेलाच आम्ही दुरुस्ती समजत होतो.

आमचा कोड होता पी ०१७१. त्याचा अर्थ, इंजिनात जाणारं मिश्रण पातळ आहे, म्हणजे इंधन कमी आणि हवा जास्त. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. धुराड्याच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर जळून गेलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला ते पाहतो आणि संगणकाला कळवतो. दुसऱ्या गॅरेजवाल्याने तो सेन्सरच बदलला. तीन हजार गेले. आठवडा उलटायच्या आत दिवा परत. मग आम्ही सीएनजी पंपावरच्या गॅसला नावं ठेवली, पहिल्या गॅरेजमधल्या त्या पोराला चार लोकांत "फसवलंस" म्हणून बोललो. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना संयम शिकवणारे आम्ही!

शेवटी कुणीतरी डिंडोलीकडच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे पाठवलं. ते मूळचे खानदेशातले. त्यांनी स्कॅनरला हातच लावला नाही. आधी विचारलं, "दिवा कधी लागतो? इंजिन थंड असताना की तापल्यावर? पळताना की उभी असताना? गॅसवर की पेट्रोलवर?" आम्हांला एकाचंही उत्तर देता येईना. "मग आठ दिवस वहीत लिहा आणि या," म्हणाले.

लिहिलं. दोन दिवस फक्त पेट्रोलवर चालवली, तरी दिवा लागला. मिस्त्री म्हणाले, "इंधन बदललं तरी दोष तोच, म्हणजे इंधनाला कशाला दोष देता? हवा बघू." मग त्यांनी स्कॅनर लावला. दोष पकडला त्या क्षणाचे आकडे संगणकाने जपून ठेवलेले असतात, ते वाचले. गाडी उभी असताना संगणक नेहमीपेक्षा पंचवीस टक्के जास्त इंधन सोडत होता, आणि इंजिनाचे फेरे वाढवले की तो आकडा पाचसहावर येत होता. "कुठूनतरी चोरून हवा शिरतेय. फेरे कमी असतात तेव्हा इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, त्यात ही चोरटी हवा जास्त जाणवते." मग त्यांनी हवा आत जाते त्या नळीतून धूर सोडला. पाच मिनिटांत एका रबरी पाइपच्या खालच्या बाजूने धुराची बारीक रेघ निघाली. नखाएवढी चीर. वरून पाहिलं तर पाइप अगदी धड.

पाइपचे चारशे रुपये झाले. निघताना ते सहज म्हणाले, "सेन्सर उगीच बदलला. तो बिचारा खरंच सांगत होता."

घरी येताना आम्ही दोघंही गप्प होतो. कारण त्याच आठवड्यात वसईहून दादाचा फोन आला होता आणि नेहमीसारखाच भांडणात संपला होता.

बाबा जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून वसईचं घर आणि मागची वाडी यांवरून दादाचं आणि आमचं बिनसलं आहे. दरवर्षी उपवासकाळात आम्ही पापनिवेदनाला जातो आणि सांगतो, "फादर, राग येतो, कठोर बोललो." क्षमा मिळते, मन हलकं होतं. पुढचा फोन आला की पुन्हा तेच. क्षमा खोटी नव्हती, देवाची क्षमा कधीच खोटी नसते. पण आम्ही देवापुढे फक्त दिवा नेत होतो, चीर नेत नव्हतो.

संत इग्नेशियस यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाची जी रीत घालून दिली, तीत आधी देवाचे आभार मानायचे, मग प्रकाश मागायचा, आणि मग दिवसाचा तासातासाने आढावा घ्यायचा. ही रीत आम्ही वर्गात फळ्यावर लिहून देतो. त्या रात्री पहिल्यांदा ती स्वतःवर नीट लावली. राग कधी येतो? घराचं निघालं की? नाही. घराबद्दल आम्ही शांतपणे बोलू शकतो. राग येतो तो दादा म्हणतो तेव्हा, "तुम्ही होता कुठे?"

आणि दादा खरंच सांगतो. बाबांच्या शेवटच्या तीन आठवड्यांत आम्ही सुरतेतच होतो. कामं होती, मुलांच्या परीक्षा होत्या, "येत्या रविवारी निघू" म्हणत राहिलो. पोहोचलो ते अंत्यविधीला. चार वर्षं आम्ही त्या साक्षीदारालाच दोष देत आलो.

राजा दाविदाची गोष्ट मुलांना फार आवडते. नाथान संदेष्टा त्याला एका गरिबाच्या मेंढीची कथा सांगतो, राजा दुसऱ्याच कुणावर तरी संतापतो, आणि मग कळतं की तो माणूस आपणच. दाविदाने नाथानाला हाकललं नाही, एवढंच त्याचं मोठेपण.

पुढच्या शनिवारी आम्ही नवसारी, वलसाड, वापी करत वसईला गेलो. दिवा वाटेत लागला नाही. दादासमोर बसून म्हणालो, "बाबांच्या वेळी आम्ही यायला हवं होतं. चुकलो." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग वहिनींना म्हणाला, "चहा टाक." वाडीचा प्रश्न अजून तसाच आहे. पण आता आईशी बोलायचं असलं की फोन आधी दादाच उचलतो आणि दोन शब्द बोलतो.

त्या गॅरेजमधल्या पोरालाही जाऊन भेटलो. आम्ही माफी मागितल्यावर तो इतका लाजला की आम्हांलाच अवघडल्यासारखं झालं.

तुमच्याही आयुष्यात असा एखादा दिवा पुन्हा पुन्हा लागत असेल तर तो नुसता पुसू नका. कधी लागतो, कशाने लागतो, ते आठ दिवस लिहून पाहा. आणि वेदीकडे जाण्याआधी भावाशी समेट कर, हे येशूचं सांगणं लक्षात ठेवा.

हे प्रभो, आमची चीर आम्हांला दाखव, आणि खरं सांगणाऱ्यावर रागावू नये एवढी नम्रता दे. आमेन.