कंपनीची की बाहेरची?

"कंपनीचीच टाका, बाहेरची नको," असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात मी आधी त्यांच्या मशीनमधली हार्ड डिस्क काढून देतो. लेबलवर कॉम्प्युटर कंपनीचा शिक्का असला, तरी शेजारी सीगेट, वेस्टर्न डिजिटल नाहीतर तोशिबा हे नाव बहुधा असतं. फिरत्या तबकड्यांच्या डिस्क बनवणारे आज जगात हे तिघेच. १९५६ साली पहिली डिस्क आणणाऱ्या आयबीएमनेसुद्धा हा धंदा कधीच हिताचीला विकून टाकला.

म्हणून दोन्ही सारख्याच, असं मात्र मी सांगत नाही. फरक असतो तो फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्कमध्येच भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, डोळ्यांना न दिसणारा. अ‍ॅपलचे आयमॅक उघडताना तो नीट समजतो. २००८च्या सुमाराच्या आयमॅकमध्ये तापमानाचा सेन्सर डिस्कच्या पाठीवर चिकटवलेला असे. अलगद सोडवून नव्या डिस्कवर लावला की झालं. २००९च्या अखेरच्या मॉडेलांत सेन्सरची वायर थेट डिस्कच्या पिनांना जोडली गेली, आणि डिस्क कोणाची यावर वायर बदलू लागली. २०११मध्ये तर तापमान कळवण्याचं काम डिस्कच्या खास फर्मवेअरकडेच गेलं. त्यात दुकानातली साधी डिस्क बसवली, तर ती उत्तम चालते, पण तापमान कळत नसल्याने पंखा पूर्ण वेगाने घोंघावत राहतो. पुढे त्यासाठी वेगळ्या सेन्सरची केबल मिळू लागली. त्या मशीनच्या पडद्याची काच चुंबकांवर धरलेली असते. ती काढण्याआधीच केबल हाताशी हवी, नाहीतर सगळं पुन्हा उघडावं लागतं.

बाहेरच्या डिस्कचं बिल तुमच्या हातात, वॉरंटी थेट डिस्क कंपनीची. मशीनसोबत आलेल्या डिस्कची जबाबदारी बहुधा कॉम्प्युटर कंपनीवर असते. मशीनची मुदत संपली की तीही संपते. मला पहिला व्यवहार जास्त सरळ वाटतो. पण खोक्यावर विसंबू नये. वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्कमध्ये एकमेकांवर चढणाऱ्या ट्रॅकची, म्हणजे एसएमआर पद्धत वापरली आहे, हे २०२०मध्ये उघड झालं. एरवी ते जाणवत नाही. पण अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या संचातली (RAID) एक बदलून माहिती नव्याने भरायची वेळ आली की अशी डिस्क फार रेंगाळते. खरेदीआधी पूर्ण मॉडेल नंबर तपासायची सवय मी मुद्दाम लावून घेतली आहे.

नव्या लॅपटॉपसाठी माझं मत ठाम आहे. आत एम-डॉट-टूची खाच असेल, तर सर्वांत कमी स्टोरेजचं मॉडेल घ्या आणि एसएसडी स्वतः बसवून घ्या. फक्त आकार २२८० लागतो की २२३०, ते आधी बघा. स्टोरेज बोर्डावर सोल्डर केलेलं असेल, तर पुढच्या पाच वर्षांचा विचार करून फॅक्टरीतच जास्त घ्या. तिथे काटकसर करू नका, कारण नंतर माझ्यासारख्याच्या हाती काही उरत नाही.

आणि काढलेली जुनी डिस्क लगेच पुसू नका. नवीवर क्लोन केल्यावर फोटो, हिशेबाच्या फायली, मेल सगळं स्वतः उघडून बघा. महिनाभर नवी नीट चालली, दुसरीकडे बॅकअप झाला, की मग खुशाल पुसा.