तंबाखूच्या मुलखातील भाजीचा मळा

बेळगावाहून कोल्हापूरच्या रस्त्याने उत्तरेस निघाले, की मातीचा रंग हळूहळू पालटू लागतो. खानापूर-बेळगावकडील पावसाने धुतलेली तांबडी जमीन मागे पडते, आणि संकेश्वर ओलांडून तवंदीचा घाट उतरला की वेदगंगेच्या बाजूची काळी माती दिसू लागते. हा निपाणीचा मुलूख. बिडीच्या तंबाखूने त्याचे नाव सर्वत्र नेले; त्याच तंबाखूच्या भावासाठी १९८१ च्या एप्रिलात येथील शेतकऱ्यांनी गोळ्याही झेलल्या.

हल्ली तंबाखूची पुष्कळ जागा उसाने घेतली आहे. या दोन नगदी पिकांच्या बेचक्यात, विहिरीच्या कडेला, पाच-दहा गुंठ्यांत एखादे कुटुंब रासायनिक खत व फवारणी वर्ज्य करून वांगी, मिरची, दोडका, घेवडा, पोकळा करते. दहा गुंठे म्हणजे कोणास थट्टा वाटेल. परंतु कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी तेवढ्याच जमिनीवर एका कुटुंबाचा निर्वाह होऊ शकतो, असे आग्रहाने मांडले होते. शेत किती मोठे, यापेक्षा पानांनी ऊन किती टिपले, हा त्यांचा हिशेब!

निपाणीकडील भाजीवाल्याचा एक शत्रू मात्र घरातलाच आहे. तंबाखू, टोमॅटो, मिरची ही एकाच कुळातील भावंडे. तंबाखूचे पान चितकबरे करणारा विषाणू सुकल्या पानातही वर्षानुवर्षे टिकतो आणि वखारीतून आलेल्या हातांनी टोमॅटो-मिरचीच्या रोपांस लागतो. त्यावर कोणतीच फवारणी चालत नाही. साबणाने, किंवा जुन्या रोपवाटिकांत करीत तसे दुधाने, हात धुवावे लागतात. तंबाखू मळून त्याच हातांनी रोपे लावू पाहणाऱ्या गड्यास खुशाल बांधावर बसवावे! त्याच पानाचा काढा मावा मारतो म्हणून काहीजण तो फवारतात. पण तो मधमाशीलाही मारतो. झाडातून आले म्हणून विष काही अमृत होत नाही.

खताची चिंता त्या मानाने कमी. सुगी संपली की धनगरांची मेंढरे रानात बसवितात. लेंडी व मूत जागच्या जागी मुरते. शिवाय दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती कालवून दोन दिवस मुरविलेले जीवामृत एका एकराला पुरते. गुळाला तर या मुलखात कोठे दूर जावे लागत नाही.

खरी कसोटी बाजारात लागते. सेंद्रिय म्हणून दाखला मिळण्यास हंगामी पिकांना साधारण दोन वर्षे थांबावे लागते. त्या काळात माल कमी निघतो, आणि निघेल तो इतरांच्याच ढिगात, इतरांच्याच भावाने जातो. ज्या घरात दुसरी मिळकत नाही, तेथे ही दोन वर्षे ओलांडणे अवघड. म्हणून जी घरे टिकतात, ती बहुधा आठवडी बाजारात एकाच जागी, एकाच वारी बसून ओळखीचे गिऱ्हाईक जोडणारी असतात. तेथे मराठी व कानडी दोन्ही भाषांत भाव होतो, आणि किडके वांगे आधीच बाजूला काढून ठेवलेले असते.